पॅरिसची दोन दिवसांची सहल आणि आपला खाडा



आज आम्ही तुम्हांला एका सहलीची गोष्ट सांगणार आहोत. सहल आमची नाही. आमच्या गटातल्या एका मावशींची लेक, जावई आणि दोन नातवंडं शनिवार-रविवार पॅरिसला जाऊन आली, त्यांची. पण त्या सहलीवरून आमच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही पार दीडशे-दोनशे वर्षं मागे गेलो. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

झालं असं. गेल्या हिवाळ्यात, ऐन गाळपाच्या दिवसांत, अंकुशनगरला आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग. वार शनिवार, दुपारचे चार वाजलेले. हप्ते गोळा करून झाले होते आणि वही मिटायची होती, तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. लेकीचा व्हिडिओ कॉल. लेक-जावई जर्मनीत स्टुटगार्ट नावाच्या शहरात राहतात. जावई मोटारीच्या कंपनीत नोकरीला आहेत. पण आज त्यांच्या मागं उंचच उंच लोखंडी मनोरा दिसत होता. "आई, आम्ही पॅरिसला आलोय! सकाळी सातला आगगाडीत बसलो, दहा-सव्वादहाला इथं. उद्या रात्री परत घरी."

मग काय, फोन हातोहात फिरला. आम्ही तो आयफेल टॉवर पाहिला. १८८९ साली मोठ्या प्रदर्शनासाठी बांधलेला, आज टोकापर्यंत ३३० मीटर उंच. सीन नदी पाहिली. आपल्या गोदामाईपुढं ती अरुंदच वाटली, पण काठ कसे दगडानं बांधून काढलेले! आणि प्रश्नांवर प्रश्न. तिकीट किती पडलं? जर्मनीतून फ्रान्समध्ये जायला वेगळा व्हिसा लागतो का? नाही लागत. थंडी किती? आणि खाल्लं काय?

लेक हसली. म्हणाली, "धपाटे आणलेत, जवसाची चटणी आणलीय. काल रात्री बारापर्यंत तेच करत बसले होते." हे वाक्य लक्षात ठेवा बायांनो. आपण पुन्हा त्याच्यावर येणार आहोत.

त्या दिवशी दाराशी एक पाहुणी बसली होती. उसतोडीला आलेली, बीडकडची. पाणी न्यायला आली होती, लेकरू कडेवर. आम्हीच तिला बस म्हणालो होतो. ती सगळं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "मग ह्या दोन दिसांचा खाडा किती पडला त्यांला?"

फोनवरचा नातू म्हणाला, "आजी, खाडा म्हणजे काय?"

आम्ही सगळ्या गप्प झालो. आपल्याला खाडा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस फडात गेलं नाही, तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वरून खाड्याचे पैसे उचलीत चढतात. ताप असो, पाळी असो, लेकरू आजारी असो. त्या नातवाच्या बापाला मात्र शनिवार-रविवार सुट्टी असते. शिवाय जर्मनीत कायद्यानंच वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा मिळते. रजाही मिळते आणि त्या दिवसांचा पगारही मिळतो.

पाहुणी उठून गेली. तिला हंडा भरून कोपीवर जायचं होतं. तिचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. ही सुट्टी त्या लोकांना कुणी दिली? पहिल्यापासूनच होती का? आणि आपल्याकडं ती कुठवर आली आणि कुठं अडली?

आपल्या बायका घराबाहेर कशा पडल्या

आधी सहलीचं बघू. आपल्या आज्या-पणज्या सहलीला जात नव्हत्या. त्या जत्रेला जात, वारीला जात. पैठणला नाथषष्ठी, जांबसमर्थला समर्थांचं जन्मठिकाण, अंबडची मत्स्योदरी, तुळजापूर, माहूर, आणि आषाढीला पंढरपूर. काशी ज्या बाईच्या नशिबात आली तिच्या पाया पडायला गाव लोटायचं. घरच्या रगाड्यातून चार दिवस सुटायचं तर देवाचं नाव घ्यावं लागे. देवाच्या नावाला नाही कोण म्हणणार? देव भेटायचा आणि पायांनाही मोकळीक मिळायची.

समुद्रापलीकडं जायला तर पुरुषांनाही बंदी होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं उच्चवर्णीय समाज मानायचा. विलायतेहून परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, नाहीतर जातीबाहेर. अशा काळात, १८८३ साली, दोन मराठी बायका बोटीत बसल्या.

एक आनंदीबाई जोशी. वय अवघं १८. नवरा मागं राहिला, ही एकटी कलकत्त्याहून निघून अमेरिकेला पोचली. १८८६ मध्ये डॉक्टर झाली. परत आली ती क्षयानं खंगलेली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेली.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. ह्यांचं सगळं लहानपणच प्रवासात गेलेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचे, सगळं कुटुंब पायी बरोबर. दुष्काळात आई-वडील गेले. पुढं बहीण-भाऊ चालत राहिले, पार कलकत्त्यापर्यंत. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा वारला. पदरात लहान लेक, मनोरमा. १८८३ मध्ये ह्या बाईनं त्या दोन वर्षांच्या लेकीला घेऊन इंग्लंड गाठलं. तिकडच्या प्रवासावर मराठीत लिहिलंही. मायलेकींच्या ह्या प्रवासाला कुणी सहल म्हणणार नाही. शिकायला गेल्या होत्या, आणि परत येऊन इथल्या विधवांसाठी घर उभं करायचं होतं. ते त्यांनी केलं.

तिसऱ्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं कोर्टात ओढलं. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढं तडजोड झाली, आणि १८८९ साली रखमाबाई लंडनला बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. म्हणजे पॅरिसात तो मनोरा उभा राहिला त्याच वर्षी आपली एक मराठी बाई तिकडं पोचलेली होती. डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला कित्येक वर्षं बायकांना औषधपाणी केलं.

नंतर १९२८ मध्ये इरावती कर्वे जर्मनीत बर्लिनला गेल्या. नवरा इथं, त्या तिथं. त्यांच्या गुरूंचं म्हणणं होतं की गोऱ्या माणसाची कवटी वेगळी, म्हणून अक्कलही वरचढ. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असं काही दिसत नाही, हे तिथंच गुरूंच्या तोंडावर मांडलं. ह्याच इरावतीबाई पुढं पंढरीच्या वारीत पायी चालल्या आणि तिच्यावर लिहिलं. बर्लिन पाहिलेल्या बाईलाही वारीची ओढ राहिली, हे आम्हांला फार आवडलं.

ह्यांतली एकही बाई मजेसाठी गेली नव्हती. बाईनं दूर जायचं तर मोठं कारण लागे. देव नाहीतर विद्या. नुसतं "मला बघायचंय" हे कारण बाईच्या तोंडी शोभत नव्हतं.

एक लंडनला गेला, एक पंढरपूरलाही नाही

ह्यात एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना आमचा आवाज जड होतो.

लंडनमध्ये किंग हेन्री रोडवर १० नंबरचं एक घर आहे. १९२१-२२ च्या सुमारास तिथं एक मराठी विद्यार्थी राहत होता, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं आणि तिथं स्मारक झालं. आज लंडनला फिरायला गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं वेळ काढून त्या दाराशी जातात. फोटो काढतात, डोकं टेकवतात.

पण त्या काळात रमाई कुठं होत्या? मुंबईत, चाळीत. गोवऱ्या थापत, एकेक पैसा जोडत. पाच लेकरं झाली, चार डोळ्यांदेखत गेली. त्यांनी बाबासाहेबांपाशी पंढरपूरला जायची इच्छा बोलून दाखवली होती. लंडन नाही, पॅरिस नाही, पंढरपूर. पण तेव्हा अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवता येत नव्हतं. जिथं दारातून परतवतात तिथं कशाला जायचं, असं बाबासाहेबांचं म्हणणं. आपण आपलं वेगळं पंढरपूर उभं करू, असं ते म्हणाले. रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. पंढरपूर राहिलं ते राहिलंच.

देवळाचं दार उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर बारा वर्षं होऊन गेली होती.

म्हणून आम्ही म्हणतो, कोण कुठं जाऊ शकतं ह्याला फक्त पैसा लागत नाही. दार उघडं लागतं, आणि हाती वेळ लागतो. दाराचं आपण ऐकलं. आता वेळेचं बघू.

रविवार कुणी आणला

रविवारची सुट्टी म्हणजे साहेबाची रीत, त्यांच्या चर्चमुळं आली, असं आपल्याला वाटतं. साहेबाच्या कचेरीला ती होती हे खरं. पण मुंबईच्या गिरणीत धोटा चालवणाऱ्या बाई-माणसाला नव्हती. दिवस उगवायच्या आधी भोंगा व्हायचा, अंधारून आल्यावर सुटायचं. लहान पोरंही कामाला. आठवड्याच्या सुट्टीचं नाव नव्हतं.

हा रविवार मिळवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक साथी. स्वतः गिरणीत नोकरी केलेली, कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिलेले. 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र चालवायचे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा बोलावली आणि संघटना काढली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडं गेला. पहिली मागणी काय, तर आठवड्यातून एक दिवस सुट्टी. रविवार हा तर आपल्या खंडोबाचा वार, असंही ते सांगायचे.

मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. मग २४ एप्रिल १८९० ला मुंबईत मोठी सभा भरली. दहा हजार कामगार जमले. आणि बायांनो, त्या सभेत दोन बायका उठून बोलल्या. दहा हजार माणसांपुढं, १८९० साली! त्या काळी बाईनं चारचौघांत मोठ्यानं बोलणंही चालत नव्हतं. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, आणि गिरणीतल्या बायकांचं काम दिवसाला अकरा तासांच्या वर नको, हेही आलं.

लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करता करता गेले. आपल्या लेकराला रविवारी शाळा नसते, तेव्हा हे नाव त्याला सांगा.

तिकडंही फुकट मिळालं नाही

मग पॅरिस, लंडन, जर्मनीवाल्यांना तरी सुट्टी आपोआप मिळाली का? तिथंही नाही.

इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये बायका-पोरं आपल्यासारखीच राबत होती. १८५० साली कायदा झाला की बायकांचं आणि कोवळ्या पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबलंच पाहिजे. बायका थांबल्या की गिरणी चालवणं अवघड, म्हणून हळूहळू पुरुषांचंही सुटू लागलं. शनिवार दुपार आणि रविवार, ही आजच्या 'वीकएंड'ची सुरुवात. म्हणजे जगातल्या ह्या शनिवार-रविवारच्या मुळाशी राबणाऱ्या बायकांच्या कामाचा कायदा आहे.

आणि सहलीची कंपनी कशी सुरू झाली ऐका. तुम्हांला गंमत वाटेल. थॉमस कुक नावाचा एक इंग्रज होता, दारूबंदीचा कार्यकर्ता. त्याला वाटायचं, गरीब माणूस सुट्टी मिळाली की गुत्त्यावर जातो, कारण दुसरीकडं कुठं जायची सोयच नाही. ५ जुलै १८४१ ला त्यानं आगगाडी ठरवून सुमारे पाचशे माणसं एका गावाहून दुसऱ्या गावी दारूबंदीच्या मेळाव्याला नेली. भाडं माणशी एक शिलिंग. जगातल्या ठरवून नेलेल्या सहलींची ही एक पहिली सहल! १८५५ मध्ये तो माणसं घेऊन पॅरिसला गेला. त्याच्या सहलींमध्ये बायका पुष्कळ असायच्या. एकटीदुकटी बाई परमुलखात जाऊ धजत नसे, पण चार जणी मिळून, बरोबर ओळखीचा माणूस, तर घरचेही सोडत. ज्या ज्या गावी आपल्या गटांनी दारूची दुकानं बंद पाडली, तिथल्या बायांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

आता पॅरिसचं. रविवारी आमच्या मावशींची लेक व्हर्सायचा राजवाडा बघायला गेली. आम्हांला फोटो आले, सोन्याचा मुलामा, आरसे, बागा. त्या राजवाड्याला बायकांचीही एक गोष्ट आहे. ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बाजारातल्या बायका, मासळीवाल्या, भाजीवाल्या, पावसात वीसेक किलोमीटर चालत तिथं गेल्या होत्या. पाव मिळत नव्हता, पोरं उपाशी होती. दुसऱ्या दिवशी त्या राजा-राणीला घेऊनच पॅरिसला परतल्या. त्या वाटेनं आज लोक तिकीट काढून सहलीला जातात.

त्याच पॅरिसमध्ये कामगाराला पगारी रजा मिळाली १९३६ साली. मे-जून महिन्यांत कारखान्या-कारखान्यांतले कामगार कामाच्या जागीच बसून राहिले. मोठ्या दुकानांतल्या विक्री करणाऱ्या मुलीही त्यात होत्या. जून महिन्यात कायदा झाला, वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा. पण रजा मिळाली तरी जायचं कशानं? म्हणून त्याच उन्हाळ्यात सरकारनं रजेवर जाणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला रेल्वे भाड्यात ४० टक्के सवलत दिली. आयुष्यात समुद्र न पाहिलेली कुटुंबं सायकलवर, रेल्वेनं समुद्राकाठी गेली. मात्र एक सांगतो, रजा मिळाली तेव्हा फ्रान्सच्या बायकांना मत द्यायचा हक्कही नव्हता. तो १९४४ मध्ये आला.

आणि आपल्याकडं पगारी रजा कुणी आणली? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते ४६ मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. कारखान्यातल्या कामगाराला वर्षातून काही दिवस पगारी सुट्टी द्यायचं विधेयक त्यांनीच मांडलं आणि १९४५ मध्ये तो कायदा झाला. त्याआधी, १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बाजूनंही ते बोलले होते, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. जो माणूस आपल्या बायकोला पंढरपूरला नेऊ शकला नाही, त्यानं हजारो बायकांना बाळंतपणाला घरी बसायचा हक्क मिळवून द्यायला आवाज उठवला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यानं हे सगळं पक्कं केलं. आठवड्याला एक सुट्टी, आणि कामाच्या वीस दिवसांमागं एक दिवस पगारी रजा. कारखाना साखरेचा असो की कापडाचा.

आता बघा, कायदा आहे तो कारखान्याच्या फाटकाच्या आतला. ऊस तोच, साखर तीच. पण फाटकाच्या आत जो माणूस काम करतो त्याला सुट्टी, आणि फडात जी बाई मोळी बांधते तिला खाडा. फड म्हणजे कारखाना नव्हे, आणि तिचा मालक कोण, कारखाना, मुकादम की शेतकरी, हेच कागदावर धड लिहिलेलं नसतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या उसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारनं चौकशी समिती नेमली. पाळीमुळं काम बुडू नये, खाडा पडू नये, ही भीती त्यामागच्या कारणांत बायकांनीच सांगितली. एका सुट्टीची किंमत बाई कुठून भरते, ते ह्यातून कळतं. लोखंडे यांनी आणलेला रविवार मुंबईहून निघाला, पण सव्वाशे वर्षांत तो फडापर्यंत पोचला नाही.

आणि घरचा रविवार?

ज्या घरात सुट्टी आहे तिथंही एक गोष्ट उरतेच. ते धपाटे आठवतात ना?

आज मराठी कुटुंबं युरोपला पुष्कळ जातात. १९६० मध्ये पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' आलं तेव्हा विलायतेची वारी मोजक्यांच्याच नशिबी होती, बाकीच्यांनी ती पुस्तकात वाचली. लंडनला राहणाऱ्या डॉक्टर मीना प्रभूंनी 'माझं लंडन' लिहिलं आणि पुढं एकटीनं कितीतरी देश पालथे घातले. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्या निघाल्या, त्यांनी परदेशातही वरण-भात खाऊ घालायची सोय केली. फक्त बायकांच्या सहलीही सुरू झाल्या. तिकडं जाऊन आलेल्या बाईला काय आवडलं विचारा. बर्फ सांगेल, डोंगर सांगेल, आणि मग हळूच म्हणेल, "आठ दिवस आयतं ताट मिळालं."

आमच्या मावशींच्या लेकीची सुट्टी शनिवारी सकाळी सुरू झाली नाही. शुक्रवारी रात्री बारापर्यंत ती चुलीपाशीच होती. सोमवारी पहाटे चौघांचे कपडे धुवायला पडले. जावई वाईट नाहीत, बॅगा त्यांनीच उचलल्या. पण सगळ्यांच्या सुट्टीचं काम एकीच्या वाट्याला आलं.

ह्यावर एका देशानं एकदा गंमतच केली. युरोपच्या वरच्या टोकाला आइसलँड नावाचा लहानसा देश आहे. तेव्हा त्याची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आतबाहेर, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या दहापैकी नऊ बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं. नोकरीचंही आणि घरचंही. स्वयंपाक नाही, पोरं सांभाळणं नाही. त्यांनी त्याला संप म्हटलं नाही, 'बायकांची सुट्टी' म्हटलं. राजधानी रेक्याविकच्या चौकात सुमारे पंचवीस हजार बायका जमल्या. बापे पोरांना घेऊन कामावर गेले, आणि दुकानांतलं पटकन शिजणारं खाणं संपून गेलं. पुढच्या वर्षी तिथं बाई-पुरुष समानतेचा कायदा झाला, आणि १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर ही बाई राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आली.

आमची एक दिवसाची सहल

हे सगळं वाचल्यावर आम्ही गटात ठरवलं, आपणही जायचं. पॅरिस नाही, पैठण. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. फ्रान्सच्या त्या ४० टक्के सवलतीपेक्षाही आपली सवलत मोठी! गटाच्या शिलकीतून थोडे, ज्याचे त्याचे थोडे. बावीस जणी निघालो. नाथांच्या वाड्यात डोकं टेकवलं, मग जायकवाडीच्या धरणावर गेलो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी ह्या धरणाची पायाभरणी केली. आपल्या भागात उसाला पाणी येतं ते ह्याच धरणाच्या डाव्या कालव्यानं. ज्या पाण्यावर आपलं गाव उभं आहे ते कुठून येतं, हे आमच्यातल्या पंधरा जणींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. साठीतल्या एक आजी कितीतरी वेळ कठड्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "येवढं पाणी जवळ, अन् मी पस्तीस वर्सं हंडे वाहिले."

एक नियम केला होता. कुणी डबा आणायचा नाही. वाटेत खाणावळीत बसून जेवायचं, आणि घरी रात्रीचा स्वयंपाक घरच्यांनी करायचा. तेरा घरांत झाला. सहा घरांत बाया येऊन चुलीपुढं बसल्या. तीन घरांत सासूनं केला. म्हणजे सुट्टी एकीकडून दुसरीकडं सरकली, एवढंच. हे आम्ही वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी आकडा बघू.

आणि ती पाहुणी? तिला आम्ही चल म्हणालो होतो. तिला येता आलं नाही. तो दिवस तोडीचा होता. पुढच्या वेळी सहल पट्टा पडल्यावर काढायची, असं ठरवलंय. पण तेवढ्यानं भागत नाही, हे आम्हांलाही कळतं. पट्टा पडला की ती तिच्या गावी जाणार.

म्हणून तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे तीन विषय घ्या. पहिला, आपल्या गावच्या किती बाया उसतोडीला जातात, त्यांची नावं आणि त्यांनी घेतलेली उचल कागदावर मांडा. दुसरा, आजारपण, पाळी आणि बाळंतपण ह्यांचा खाडा धरू नये, हे करार करतानाच मुकादमासमोर बोला आणि ग्रामसभेत ठराव मांडा. लोखंड्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या होत्या. आपल्या ठरावावर पन्नास तरी होतील. तिसरा, वर्षातून एक दिवस गटाची सहल, आणि त्या दिवशी घरी चूल कोण पेटवणार, ते आधी ठरवून जा.

मावशींच्या नातवाला आता खाडा म्हणजे काय ते कळलंय. आजीनं सांगितलं. त्यानं विचारलं, "मग त्या काकूंना रविवारीपण सुट्टी नसते?" मावशी म्हणाल्या, "अजून नाही रे बाळा."

भेटू पुढच्या आठवड्यात, ह्याच वेळी. तुमच्या गटाची सहल कुठं गेली आणि घरी कुणी भाकरी थापल्या, ते आम्हांला जरूर कळवा. नमस्कार.